विलायती कुंड

आष्ट्याच्या पलीकडं आमच्या गावात इंग्रजांच्या काळातलं चर्च आहे. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. काळा दगड, उतरतं कौलारू छप्पर, रंगीत काचांची एकच खिडकी. आणि दारातनं आत पाऊल टाकलं की पहिलं लागतं ते बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. पाहुणा कुणीही असो, सोपानआबा त्याला तिथंच अडवतात. खाकरतात, टोपी काढतात, टोपीनंच कुंडाचा काठ पुसतात.

"हात फिरवा. फिरवा की, चावत न्हाई! आमच्या आज्यानं घडवलंय, हरिबा पाथरवटानं. ह्या अंगाला दगडात शीर निघाली, मग ती बाजू भिंतीकडं केली. सायबाला शेवटपातूर कळलं न्हाई!" आणि मग बिनदाताचं हसू.

ही नक्कल आम्हा सगळ्यांना येते. सगळ्यात हुबेहूब करायचा तो प्रशांत, आबांचा पुतण्या. आईबाप गेल्यावर आबांनीच त्याला वाढवलं. आता तो देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे, आणि समोर माईक नसला तरी माईक असल्यासारखाच बोलतो.

देवळाची शंभरी आली. इंग्लंडहून पाहुणे आले. त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या पायलच्या बाळाचा बाप्तिस्मा ठेवला होता. कुंडात पाणी ओतायचा मान हरिबाच्या घराचा. पाणीही त्यांच्याच आडाचं. धुतलेलं धोतर नेसून, तांब्याची घागर खांद्यावर घेऊन आबा कुंडापाशी उभे होते.

प्रशांतनं माईकवर फुंकर मारली. "बंधुभगिनींनो, हे देखणं कुंड खाऽस विलायतेहून जहाजानं आलेलं आहे!" मग तेच इंग्रजीत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आबांना वाटलं, पोरगं गडबडलं. "आरं परशा, आज्याचं नाव ऱ्हायलं. हरिबा."

प्रशांतनं माईक हातानं झाकला. "काका, मला ठावं हाय. पण पाथरवटाचं कुंड कोण बघतंय? विलायतचं म्हटलं की त्यास्नी आपलं वाटतं. पैसं देतील, छपराचं काम हून जाईल. गप पाणी वता."

"ठावं हाय म्हणतोस?"

"व्हय."

आबांनी खांद्यावरची घागर सावरली. नुसता चुकला असता तर त्यांनी त्याचा कान धरला असता.

"मग पाणीबी जहाजानंच मागीव."

पाळकसाहेब प्रार्थनेच्याच सुरात म्हणाले, "सोपानराऽव, बाऽळ ताटकळलंय." बाळ तर गाढ झोपलेलं.

प्रशांतनं पाहुण्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, बूच फिरवलं आणि कुंडात उपडी केली. माईक चालूच होता. गुडगुड आवाज सगळ्या देवळात घुमला. आम्ही गाणाऱ्या पोरांनी पुढचं गीत वेळेवर उचललं.

आबा तशीच भरली घागर घेऊन घराकडं निघाले. वाटेत शेजारच्या मंगलकाकूनं विचारलं, "आवं, पाणी माघारी का आणलंसा?"

"तितं लागलं न्हाई," आबा म्हणाले.