तायडेंचा करकोचा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तायडे गेल्याला आता दोन महिने झाले. ज्याला सांगायला हवं होतं तो एकच माणूस होता — तेव्हा निदान तुम्हाला सांगतो.

हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही पहाटे अकोल्याहून निघायचो, बार्शीटाकळीच्या पुढच्या धरणावर पक्षी पाहायला. मी शाळेत शिक्षक, तायडे टपाल खात्यात. मी पक्षी ओळखायचो ते पुस्तकं वाचून — पिसांचे रंग, चोचीची लांबी. तायडेंनी पुस्तक क्वचितच उघडलं. पण पाण्यावर एक नजर टाकली की म्हणायचे, "मास्तर, त्या बाभळीखाली पाहा." आणि तिथे काहीतरी असायचंच. हे मला खुपत होतं का? होतं. तेव्हा मी त्याला कौतुक समजायचो.

धरणावर पक्षी पाहणारा आमचा सात-आठ जणांचा गट होता, आणि गटाचा एक नियम होता. दुर्मीळ पक्षी वर्षाच्या यादीत यायचा तर तो दोघांनी पाहिलेला हवा. एकट्याचा शब्द धरत नसत.

त्या सकाळी दूरच्या काठावर आम्ही दोघंच होतो. धुकं विरत होतं. तायडेंनी माझा दंड धरला. उथळ पाण्यात काळा करकोचा उभा होता. आपल्याकडे नेहमी दिसतो तो पांढऱ्या मानेचा. हा पार डोक्यापर्यंत काळा, चोच लाल. वीस वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो, तो. दुर्बीण माझ्या हातात होती. मी त्याला — किती वेळ? — चांगला मिनिटभर पाहिला. मग तो उडाला.

पोहे खाताना तायडेंनी गटाला सांगितलं. गटाचे प्रमुख, एक डॉक्टर, माझ्याकडे वळले. "काय सर, तुम्हीही पाहिला?"

मी म्हणालो, "करकोचा होता. पण मान पांढरी होती."

का म्हणालो? तो त्यांच्या नावावर लागू नये म्हणून. दुसरं कारण शोधून पाहिलं — सापडलं नाही.

"चष्मा लावा राजेहो आता," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तायडे भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, तुमी म्हनता म्हंजे तसंच असन. मलेच काळी दिसली."

त्यांनी खरंच डोळे तपासून घेतले. काही दोष निघाला नाही, हेही मलाच येऊन सांगितलं. पण त्यानंतर ते स्वतःहून पक्ष्याचं नाव घेईनासे झाले. साधा बगळा असला तरी दुर्बीण माझ्या हातात द्यायचे — "पाहा बरं, मले काय दिसून राहिलं त्याचा भरोसा नाही." सात हिवाळे असं चाललं. परतीच्या वाटेवर दरवेळी एका स्कूटरवर आम्ही दोघंच असायचो. मी बोललो नाही.

त्यांच्या घरी श्रद्धांजलीच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. हातात त्यांची पक्ष्यांची वही होती. वही गटाला द्यायची होती. त्या सकाळच्या पानावर 'काळा करकोचा' हे शब्द खोडून त्यांनी शेजारी नीट अक्षरात लिहिलं होतं — 'पांढऱ्या मानेचा. मास्तरांनी चूक दाखवली.'

"काका, हे खोडलेलं बरोबर आहे न?" तिनं विचारलं. "तसंच देऊ?"

मी हो म्हणालो.