पाडव्याची पाहुणी

"आत्ता कुठं आलीय ती. बसू द्या की जरा!"

पाडव्याला दिवस कलला, गल्लीतल्या गुढ्या उतरायला लागल्या, की आमच्या शेजारचे आप्पा गच्चीवर गुढीच्या पुढं दोन्ही हात आडवे पसरून उभे राहायचे आणि हेच म्हणायचे. सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची, हे पोरासोरांनाही ठाऊक. आप्पांची गुढी मात्र अंधार पडला तरी उभीच.

"ती" म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आप्पा गुढीला काकूंचं जुनं इरकल लुगडं नेसवायचे. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, वापरलेलं कुणी नेसवतं का गुढीला? माझ्या बायकोनं एकदा तोंडावरच विचारलं. आप्पा म्हणाले, "नवं टोचतंय तिला. पयल्यापासून."



तुम्ही म्हणाल, म्हातारा भ्रमिष्ट असेल. छे हो! वर्षभर माणूस चारचौघांसारखा. नळ आला नाही की पाणी सोडणाऱ्याचा उद्धार करायचा, पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायचा. पण पाडव्याच्या सकाळी थाटच वेगळा. न्हाव्याकडं पहिला नंबर त्यांचा. मग बाजारात साखरेच्या गाठी निवडत बसायचे. रंगीत नको, पांढरीच पाहिजे, तीही कुठं न फुटलेली. गाठीवाला वैतागायचा, "आप्पा, कुणी पावणं यायलंय का?" "व्हय," म्हणून आप्पा खुशाल हसायचे. येताना रसवंतीवर उसाचा रस, आलं जरा जास्त टाकून. घरी पुरण स्वतः शिजवायचे. पोळ्या फाटायच्या, करपायच्या. त्यातली एक आमच्याकडं यायची आणि आम्ही ती मुकाट्यानं खायचो.

दुपारी लुगड्याच्या सावलीत खुर्ची टाकून गप्पा. कुणाच्या पोरीचं जमलं, कोण तुळजापूरला राहायला गेलं, आंब्याला यंदा मोहर कसा होता. मधेच थांबायचे, ऐकायचे, मान डोलवायचे. आमच्या गच्च्या लागूनच, त्यामुळं सगळं कानावर यायचं. मी तसा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. पण एकदा असाच वर उभा होतो. वारा पार पडलेला, लिंबाचं पान हलत नव्हतं, आणि त्या लुगड्याचा पदर कुणी सावरून घ्यावा तसा सावकाश आत वळला. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. आप्पांनी मात्र नुसती खुर्ची थोडी सरकवली.

गेल्या पाडव्याला त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. आप्पा न्हाणीत घसरून पडले होते. आता एकटं ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी कायमचं घेऊन जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पोरगा गुणाचा, त्याचं तरी काय चुकलं? संध्याकाळी तो गुढी उतरवायला वर आला, तेव्हा आप्पांनी हात पसरले नाहीत. एवढंच विचारलं, "म्या तिकडं आलो, तर ती कुठं येईल रं?"

"तिकडं पण उभारू की गुढी. बाल्कनीत."

"तिनं पुणं बगितलंय कुठं?"

मुलगा काठीला हात लावून तसाच उभा राहिला. शेवटी आप्पांनीच गाठ सोडली. दिवस अजून वर होता. लुगड्याची घडी घालताना त्यांचे ओठ हलत होते. ते तिला पत्ता समजावून सांगत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. "ठेसनावर उतरलीस की..." एवढं म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं हो मला.

यंदा पाडव्याला मी फोन केला. मुलगा म्हणाला, "गुढी उभारलीय काका. पण आप्पा सकाळपासून बाल्कनीतच बसलेत, खाली रस्त्याकडं बघत. फोनवर यायला तयार नाहीत."

संध्याकाळी आम्ही नवराबायको गच्चीवर होतो. गल्लीतल्या सगळ्या गुढ्या उतरल्या होत्या. बायकोनं शेजारच्या मोकळ्या गच्चीकडं बघितलं. मग म्हणाली, "काकू आल्या असतील का हो? कुलूप बघून कुठं गेल्या असतील?"

मी खाली गेलो आणि आमचं दार सताड उघडं ठेवून आलो.