मटाराची राखण

बायको मटार सोलायला बसली की त्या हिरव्या वासानं माझ्या छातीत अजून धडधडतं. नव्वदनंतरची गोष्ट. लखनौला, चिनहटच्या बाजूला, एका मराठी रेल्वे साहेबांच्या कोठीवर, म्हणजे बंगल्यावर, मी माळी होतो. मोर रोज बागेतला मटार फस्त करायचे. साहेब म्हणाले, "तुका, उद्या वाफा खाल्लेला दिसला तर परवा कामावर येऊ नकोस."

सकाळच्या धुक्यात मी पत्र्याचा डबा घेऊन बसलो. मोर आले, आणि त्यांच्यामागून घोड्याएवढं, शिंगंवालं काळं जनावर आलं. नीलगाय म्हणतात हे नंतर कळलं. डबा वाजवायचा सोडून मी पेरूच्या झाडावर. वरून हात जोडून म्हणतोय, "भैया, बस हो गया, अब घर जाओ." खाली कचाकचा मटार चाललाय, आणि मला माझी नोकरीच चावली जाताना ऐकू येतेय.

साहेब बाहेर आले. "गाढवा, राखण कुणाची करतोयस?"

"माझीच, साहेब. पण तुम्ही मागं बघू नका."

त्यांनी बघितलं.

आता वाटतं, बिचारं भुकेलं जनावर, नुसतं हुस्स केलं असतं तरी पळालं असतं. पण हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. साहेब धापा टाकत वर आले आणि हळूच म्हणाले, "अरे, जरा सरक तिकडं."

नोकरी वाचली, हे मला त्या फांदीवरच कळलं.