आर्लिसच्या वहीतला खोटा तलाव

उत्तर मिनेसोटातल्या एल्डर पॉइंट गावात आर्लिस हाउगनचं गळाला लावायच्या आमिषांचं दुकान होतं. जिवंत चिंगळ्या मासोळ्या, गांडुळं, जळवा, आणि गप्पा फुकट. एक्कावन्नाव्या वर्षी बाईच्या डोक्यात कॉलेजचं खूळ शिरलं आणि आठवडाभर तिचे पाय जमिनीला लागेनात.

"अगं, दोन वर्षांचा कोर्स कर," नवरा व्हर्लिन म्हणाला. "जाळी ओढायची, मासे मोजायचे, घरी यायचं. नाहीतर मासेमारीवर पहारा ठेवणाऱ्या वॉर्डनचा कर. बिनपरवाना गळ टाकतो म्हणून पहिला तुझा भाऊच सापडेल!"

"चार वर्षांची पदवीच घेणार. मत्स्य आणि वन्यजीव व्यवस्थापन! कुठल्या तलावात किती मासे सोडायचे, ते मी ठरवणार. तीस वर्षं काउंटरमागून ओरडले, आता आत जाऊन ओरडते."

"आणि रसायनशास्त्र?"

"त्याच्याकडेही बघून घेईन!"

शाळेतले मार्क बेताचे. त्यामुळे प्रवेशाची सगळी मदार मुलाखतीवर, आणि मुलाखतीची तिच्या वहीवर. तीस वर्षांत पकडलेला प्रत्येक वॉलाय मासा तिनं त्या वहीत नोंदला होता. तारीख, लांबी, वजन, पाण्याचं तापमान, तलाव.

मुलाखत घेणारे प्राध्यापक रोलंड प्रुइट पानं उलटता उलटता खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, हे सोनं आहे, सोनं!" मग त्यांचं बोट थबकलं. "सगळे टिनकप तलावातले?"

"सगळे," आर्लिसच्या तोंडून आपसूक गेलं.

"टिनकपमध्ये आम्ही दरवर्षी जाळं टाकतो. अकरा वर्षांत एकही वॉलाय मिळालेला नाही."

वही कायम काउंटरवर पडलेली, आणि गिऱ्हाइकं तीत डोकावल्याशिवाय राहायची नाहीत. तिथे खरी जागा लिहायला आर्लिस काय वेडी होती? एल्डर पॉइंटचा माणूस एक वेळ आपला पगार सांगेल, पण मासे लागायची जागा नाही.

"खोट्या नोंदी करणाऱ्याला मी कसा घेऊ?" प्रुइट म्हणाले.

आर्लिसचा जीव तुटत होता. तरी ती उठली आणि भिंतीवरच्या नकाशावर तिनं बोट ठेवलं. "हॅलोरन तलाव. उत्तरेचं टोक, बुडालेल्या ओंडक्यापाशी. बाबांनी दाखवलेली जागा आहे, माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. बाकी वहीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे, सर."

प्रुइट नकाशाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी अर्जावर सही ठोकली.

घरी येईपर्यंत आर्लिस गाडीत एकटीच गात होती. शनिवारी सकाळी आनंद साजरा करायला तिनं होडी काढली आणि थेट हॅलोरन गाठला. ओंडक्यापाशी एक होडी आधीच उभी होती. आत प्रुइट!

"पाहणी!" ते घाईघाईनं ओरडले. "तुमच्या वहीची पडताळणी चाललीय!"

"हातात गळ घेऊन?" आर्लिस इतकी हसली की होडी डुलायला लागली. डोळे पुसून तिनं कोरी वही उघडली. "किती लागले, सर?"

"छे! एकही नाही."

त्यांच्या पायाशी बादलीत फाडकन शेपूट आपटलं.

आर्लिसनं वहीत आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या तलावाचं नाव लिहिलं आणि हात पुढे केला. "बादली द्या इकडे. मोजल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही."