सलोनीला उपाशी ठेवायचं नाही

माझी वहिनी विनीता मसुऱ्याला आमच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा मला वाटलं, ही दिवसाला चार शब्द बोलली तरी पुष्कळ. तिचा हट्ट कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळला तो माझ्याच चुकीने. म्हणून हे मीच सांगते.

तिची सलोनी दोन वर्षांची असताना तापात ओकून ओकून बेशुद्ध पडली होती. विनीता रिपोर्टांची पिशवी घेऊन चार महिने मुंबईला खेपा घालत राहिली, तेव्हा कुठे निदान झालं. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. ती पेशीत घ्यायला पेशीच्या पडद्यात एक प्रोटीन असतं. लॅक्टेटची ने-आणही तेच करतं. सलोनीत ते पुरेसं नाही, म्हणून आम्लं रक्तात साचतात. तिला उपाशी ठेवायचं नाही. उलटी झाली तर साखरपाणी, तेही टिकलं नाही तर लगेच दवाखाना. विनीताने हे मलाही समजावलं होतं. मी मान डोलावली आणि विसरले.

गेल्या वर्षी मी जत्रेला माहेरी आले. देवीचा प्रसाद आमच्या घरच्या बायका मौन धरून रांधतात. विनीता पहिल्यांदाच चुलीपाशी बसली होती आणि सलोनी माझ्याकडे होती. दुपारी पोर दोनदा ओकली. मी मेली शहाणी! "पोटाक विश्रांती देवया," मी म्हटलं, "सांजेपर्यंत काय एक खावक नको." आमच्याकडे उलटीला हेच औषध.

विनीताने पळी खाली ठेवली आणि मौन मोडलं. "वन्सं, तिका उपाशी ठेव नकात. साखरपाणी पाजा, गाडी काढूक सांगा."

आई रागाने लालबुंद झाली, पण तिने मौन सोडलं नाही. दारातली काकी म्हणाली, "देवीचो कोप होतलो."

"देवीक काय ता मी सांगतलंय. माजा पोर जगूक होया."

साखरपाणी टिकलं नाही आणि सलोनी निपचित पडली. माझा भाऊ गुरुदास गाडी चालवत होता, पण जत्रेची गर्दी हलेना. विनीता खाली उतरली आणि ओरडत, माणसं बाजूला सारत गाडीपुढे चालत राहिली. दवाखान्यात तिने निदानाचा कागद डॉक्टरच्या हातात कोंबला आणि ग्लुकोजचं सलाईन लागेपर्यंत तिथून हलली नाही. संध्याकाळी सलोनीने डोळे उघडले. मला रडूच कोसळलं. मी माफी मागू लागले.

"माफी नको," विनीता म्हणाली. "फुडल्या जत्रेक मी परत चुलीपाशी बसतलंय आणि सलोनी तुमच्याकडेच रवतली. उलटी झाली तर काय करूचा, ता आता सांगा."

मी डोळे पुसले आणि एकेक करून सांगितलं: उपाशी ठेवायचं नाही, साखरपाणी, तेही टिकलं नाही तर लगेच दवाखाना.