अक्काच्या पाटल्या

अर्थसंकल्पात सोन्यावरची आयात ड्युटी कमी झाली आणि लगेच सराफ्यात भाव उतरला. मी बँकेत आहे, गुंतवणुकीच्या टेबलावर बसतो. त्या आठवड्यात समोर येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होतो: सोनं अजून उतरेल, ठेवींचं व्याजही खाली येईल, पैसा शेअर बाजाराच्या फंडात घाला. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, खुलताबादला राहते. दाजी गेले तेव्हा दहाव्याला बायका तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढायला लागल्या. तिनं मुठी आवळल्या. "पोरीच्या लग्नाला मोडीन. तवर कुणी हात लावायचा नाय," म्हणाली. गावात बोलणी झाली, पण पाटल्या राहिल्या.

भाचीचं लग्न वर्ष-दोन वर्षांत करायचं होतं. एवढ्या लवकर लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये, हे मी रोज लोकांना सांगतो. अक्काला सांगितलं नाही. तिच्या ओसरीवर बसून बाजाराची चढती रेघ कागदावर काढून दाखवली, पाटल्या मोडून पैसे फंडात घाल म्हणालो.

"ही रेघ खाली येत नाय का कधी?"

"येते. पण पुन्हा चढते."

"तुझ्या बायकोच्या पाटल्या मोडल्या का?"

"व्हय," मी म्हणालो.

मोडल्या नव्हत्या. बायकोला विचारायचीही माझी हिंमत नव्हती. अक्काला मात्र तेवढा एक शब्द पुरला.

सराफाच्या दुकानात पाटल्या निघेनात, तेव्हा साबण लावावा लागला. दहाव्याला चौघींना जमलं नव्हतं ते मी करून दाखवलं. परतताना अक्का गाडीत मनगटावरचा फिकट पट्टा चोळत होती.

पुढं अमेरिकेनं आयात मालावर शुल्क वाढवायची भाषा सुरू केली. परदेशी पैसा बाहेर गेला, बाजार पडला आणि धास्तावलेले लोक सोन्याकडे वळले. सोनं चढतच गेलं. नेमकं त्याच वेळी भाचीचं स्थळ जमलं. थांबायला सवड नव्हती. तोटा सोसून फंडातले पैसे काढले. त्यात पाटल्या बसेनात, म्हणून पातळ बांगड्या केल्या.

आमच्या बँकेत या सगळ्यावर एक व्याख्यान झालं. परिस्थिती अनपेक्षित होती, असं त्यात सांगितलं. होतीच. पण खोटं बोलायला मला कोणत्याही सरकारनं सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी बायको पाटल्या घालून निघाली.

"त्या राहू दे आज," मी म्हणालो.

"का? लग्नाला चाललोय का सुतकाला?"

मी गाडी काढायला गेलो.

लासूर स्टेशन गावातल्या मंगल कार्यालयात अक्का आहेराच्या साड्या लावत बसली होती. तिनं बायकोचा हात धरला, पाटली एकदा फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"नव्या केल्या व्हय?"

आता फक्त मान हलवायची होती.

"नाय अक्का, जुन्याच आहेत. मोडल्याच नव्हत्या."

बायको आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अक्कानं तिचा हात सोडला. "तुझी बायको शहाणी. ती कशाला मोडू देईल." मग साडीची घडी नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा आहेस. पोरीच्या मागं उभा राहा, ते कुणाला चुकत नाय. माझ्याशी मात्र आज बोलू नको."

मंगलाष्टकं झाली तेव्हा मी भाचीच्या मागं उभा होतो. तिनं हार उचलला तशा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या, इतक्या हलक्या होत्या. समोरून अक्का अक्षता टाकत होती. त्यातल्या काही माझ्यावर पडल्या.