साठ, पण कुणाचे?

दीपाली दरवर्षी दसऱ्याला प्रयोगशाळेतल्या मॅग्नेटिक स्टररची पूजा करते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. ज्यांनी काचेची कांडी धरून पाळीभर बीकर ढवळलेला नाही, त्यांना त्या यंत्राचं मोल काय कळणार? तसं ते यंत्र दिसायला काहीच नाही. एक चपटा तवा आणि पुढे दोन-तीन बटणं. वर बीकर ठेवायचा, आत कॅप्सूलएवढी चुंबकाची पांढरी गोळी टाकायची. खालून तवा तापतो आणि गोळी आपली गरगर फिरत बसते. माणसाने शेजारी बसून नुसतं बघायचं.

बसून. या एका शब्दासाठी दीपाली त्या यंत्राचे उपकार मानते. लोटे गावच्या या रसायनाच्या कारखान्यात ती लागली तेव्हा असलं काही नव्हतं. पाण्याच्या टबात बीकर धरून उभ्याने ढवळायचं, खांदे भरून येईस्तोवर. सानवीच्या वेळी तिला सातवा महिना होता, पाय सुजून चप्पल चढत नव्हती आणि रजा मागावी तर कंत्राटावरच्या बाईला रजा म्हणजे घरी बसायचं आमंत्रण. नेमकं तेव्हा हे यंत्र आलं. ती स्टुलावर टेकली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. देव कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही, असं तिची सासू गोदाआजी म्हणते. दीपालीच्या बाबतीत तो खोक्यातून आला.

आता दुसरा उपकारकर्ता. हा मात्र हाडामांसाचा आणि महा हट्टी. मुसाचाचा. खाडीकाठच्या कालुस्त्याचा माणूस, उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेली, उतारवयात याच कारखान्याच्या बॉयलरवर आलेला. जहाजावर दाब पौंडात, पाइप इंचात, उष्णता फॅरनहाइटमध्ये. तेच त्याच्या रक्तात मुरलेलं. कंपनीच्या बसमध्ये दोघं चिपळूणला चढायची, शेजारशेजारच्या बाकांवर बसायची आणि परशुराम घाट लागला की यांचं भांडण बसच्या आधी वर चढायचं.

दीपाली म्हणायची, पाणी शून्यावर गोठतं नि शंभरावर उकळतं, याहून सरळ हिशेब जगात दाखवा. चाचा म्हणायचा, सरळ तर माडही वाढत नाही, म्हणून काय त्याला नारळ लागत नाहीत? तुझ्या पोरीला ताप आला की एकशे दोन म्हणतेस ना गो, तेव्हा तुझं सेल्सिअस कुठे तोंड लपवतं? नळ अर्ध्या इंचाचा, टीव्ही बत्तीस इंची, नवऱ्याच्या पँटची कंबर चौतीस. त्यावर ही फणकारायची की दूध लिटरने घेता ना, तांदूळ किलोने आणता ना, मग? शेवटी चालक केरू आरशातून बघत निकाल द्यायचा की बाजारात मासळी अजून वाट्यावर मिळते, किलो नाही नि पौंड नाही, तेव्हा दोघांनीही गप बसावं. मग सगळी बस हसायची.

पण चाचाची एक खोड होती, तिने दीपालीचं डोकं उठायचं. कुणीही नुसता आकडा बोलला की हा विचारणार, ‘कुणाचे?’ आज बाहेर पस्तीस आहे म्हटलं, कुणाचे पस्तीस? टाकीत चाळीस भरलंय म्हटलं, कुणाचे चाळीस? बिनमापाचा आकडा म्हणजे बिनआडनावाचा पाहुणा, त्याला घरात घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. दीपाली कपाळाला हात लावायची.

या सगळ्या हसण्याखाली दीपालीच्या मनात एक गोष्ट सतत खुपत असायची. तिचा नवरा संदेश भिवंडीच्या एका गोदामात होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, बाकी वर्षभर फोनच्या पडद्यावर. सानवी त्या पडद्यालाच पापी द्यायची. संदेशला परत यायचं होतं, चिपळुणात रिक्षा चालवायची होती. पण दीपालीची नोकरी कंत्राटाची, दर वर्षी टांगणीला. दोघांचंही पोट बेभरवशाचं असून कसं चालेल? ती कायम झाली की तो येणार, असं नवराबायकोत ठरलेलं. आणि त्या वर्षी प्रयोगशाळेचे प्रमुख अजिंक्यसरांनी तिला सांगितलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येतोय, तो समोर बसून चाचणी बघणार. ती नीट पार पडली तर कायम करण्यासाठी तिचं नाव वर पाठवतो.

दसऱ्याला तिने यंत्र असं पुसलं की नव्या नवरीनेही आरसा एवढा पुसू नये. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, मनात म्हणाली, आजवर सांभाळलंस, उद्याही सांभाळ.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. गुजरातकडचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. दीपालीने पावडर तोलली, द्रावणात टाकली, यंत्रावर साठ आकडा लावला, गोळी फिरू लागली. साठ अंशांवर ती पावडर साखरेसारखी विरघळते, हे तिला झोपेतही ठाऊक. पण ती विरघळेना. पांढरी भुकटी नुसती गोल गोल फिरत होती. अजिंक्यसरांनी घसा खाकरला. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. दीपालीच्या तोंडचं पाणी पळालं. तोलताना चुकलं? द्रावण जुनं? की मालच खराब? सर कानाशी येऊन पुटपुटले की नमुना बदलून बघ. तिने नवा नमुना घेतला. तीच गत. तिच्या डोळ्यांपुढे भिवंडीचं गोदाम आलं आणि पडद्याला पापी देणारी सानवी आली.

बीकरला कुणी हात लावून पाहिला नाही. कसा लावणार? समोर साठ लिहिलेलं, चटका बसेल. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आणि त्या घायकुतीत, का कोण जाणे, तिच्या कानात परशुराम घाट चढणारी बस घरघरली. साठ? कुणाचे साठ?

तिने हाताची पालथी बाजू बीकरला लावली. गार. खाली वाकून पाहिलं तर साठच्या शेजारी इवलासा एफ. चाचाचे साठ! फॅरनहाइटचे साठ म्हणजे माठातल्या पाण्याहूनही गार. बिचारं यंत्र कशाला तापेल? त्याला सांगितलेलं ते इमानेइतबारे करत होतं. आणि एफ कुठून आला, तेही तिच्या लक्षात आलं. काल भक्तिभावाने पुसताना बटण दाबून धरलं गेलं होतं. ज्याचे उपकार मानायला गेली, त्याच पूजेत ही गत.

आता खरी गंमत ऐका. ते बटण तिला गुपचूप परत दाबता आलं असतं. आजूबाजूला कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. यंत्र जुनं झालंय, तापायला वेळ घेतं म्हटलं की भागलं. बोट बटणावर गेलंसुद्धा. पण आयुष्यभर आकड्याला आडनाव विचारणाऱ्या माणसाशेजारी ती रोज बसत होती. उद्या बसमध्ये त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघणार होती?

“सर, यंत्र फॅरनहाइटवर गेलंय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “काल पूजेला पुसताना माझ्याच हातून बटण दाबलं गेलं. सुरू करण्याआधी मी बघायला हवं होतं. पहिल्यापासून करते.”

अजिंक्यसरांचा चेहरा उतरला. तिने बटण दाबलं, एफचा सी झाला, नवी पावडर तोलली. गोळी पुन्हा फिरू लागली. बीकरातून वाफ निघाली आणि बघता बघता भुकटी विरघळून पाणी नितळ झालं. तेव्हा कुठे पाहुण्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं की चूक सापडली कशी. दीपालीने बॉयलरवरच्या म्हाताऱ्याची खोड सांगितली. ते पहिल्यांदा हसले. जाताना अजिंक्यसरांना म्हणाले, की चुका सगळ्याच प्रयोगशाळांत होतात, पण बहुतेक ठिकाणी त्या मालावर ढकलतात. इथे बाईंनी स्वतःवर घेतली. आता इथल्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.

दिवाळी सरली आणि ती कायम झाल्याचा हुकूम आला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने चाचाच्या हातावर पेढा ठेवला.

“चाचा, हे तुमच्यामुळे.”

“कुणामुळे?” चाचाने विचारलं. खोड जाते थोडीच. पण पेढा बराच वेळ तळहातावर तसाच धरून होता आणि त्या दिवशी अख्खा घाट भांडण झालं नाही.

थंडीत चाचा निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी त्याने पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक पितळी दाबमापक काढलं. जहाजावरचं, काटा मोडलेला, आकडे पौंडात. तुझ्या मीटरवाल्यांत एक तरी शहाणा असू दे, म्हणाला, आणि केरूला बस हळू घ्यायला सांगून उतरला. दीपालीने खिडकीतून हात हलवला आणि पदराने डोळे पुसले.

यंदाच्या दसऱ्याला तिने आधी स्टररचा प्लग काढला, मग यंत्र पुसलं, मग प्लग लावून सी दिसतोय याची खात्री केली. शेजारी चाचाचं पितळी दाबमापक मांडलं, त्याच्यापुढेही झेंडू ठेवला आणि त्याला फोन लावला.

चाचाने विचारलं की माझ्या मापकाला कुंकू फासलंस की काय गो. ती म्हणाली, नाही चाचा, फूल ठेवलंय. कुंकवाने आकडे झाकले असते. म्हातारा खूश झाला. मग घरच्यांची चौकशी निघाली. तिने सांगितलं की पुरणपोळी आहे, गोदाआजी पहाटेपासून चुलीशी आहेत, लवकर निघायचंय. अंगणात संदेश रिक्षा धुतोय आणि सानवी त्याच्यापेक्षा जास्त भिजलीय, असा आताच फोन आला होता.

“आज जेवायला किती माणसं?” चाचाने विचारलं.

“चार.”

पलीकडून तो जुना, चिडवणारा आवाज आला.

“कुणाची?”

“माझी, चाचा,” दीपाली म्हणाली. “चारही माझीच.”